इंजिन बंद केल्यावर येणारी गुडगुड: कोल्हापुरातील एका गाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

मागच्या उन्हाळ्यात एका कुटुंबाची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी माझ्या उद्यमनगरातील गॅरेजमध्ये आली, तेव्हा एका ठिकाणी तिच्यावर खर्च होऊन गेला होता आणि दुसऱ्या ठिकाणी इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे धातूचे झाकण) उतरवण्याची तारीख ठरली होती. गाडी नऊ वर्षांची होती आणि ७८ हजार किलोमीटर चाललेली होती. ती रोज वापरणाऱ्या बाई राजारामपुरी भागातील एका शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचे पती औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशीच गाडी हातात घेतात. त्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

गाडीची एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्याशी जोडलेला आहे. या गाडीच्या डॅशबोर्डावर तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना एक निळा दिवा लागतो आणि ते धोक्याच्या पातळीपर्यंत तापले तर लाल दिवा लागतो. मधल्या अवस्थेबद्दल चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. जुन्या गाडीत काटा रोजच्यापेक्षा दोन रेघा वर दिसला की माणूस सावध होत असे. ती सोय इथे नव्हती, त्यामुळे गाडीने जो काही इशारा दिला तो आवाजातूनच दिला.

अडचण नेमकी काय होती

बाईंच्या घराकडे जाणारा बोळ अरुंद आहे. शाळेतून आल्यावर त्या गाडी भिंतीला लावून बंद करतात, मागच्या सीटवरच्या वह्या गोळा करतात, पर्स आवरतात आणि मगच उतरतात. या दोन-तीन मिनिटांत त्यांना डॅशबोर्डाच्या मागून आवाज येऊ लागला. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहून ठेवले होते: "दादा, गाडी बंद केली की लगेच नाही, जरा वेळानं आतनं गुडगुड येतंय. भूक लागल्यावर पोटात कालवाकालव होते ना, तसं." त्यांच्या पतींना हा आवाज महिनाभर ऐकूच आला नव्हता, कारण ते चावी काढतात आणि उतरून चालू लागतात.

बाईंच्या वर्णनात निदानाला लागणाऱ्या तीनही गोष्टी होत्या. आवाज कधी येतो, तर बंद केल्यानंतर साधारण मिनिटाभराने. कुठून येतो, तर डॅशबोर्डाच्या मागून, मधल्या भागातून थोडा डावीकडे. आणि कसा येतो, तर पाण्यातून हवा जाताना येतो तसा. दुर्दैवाने पहिल्या गॅरेजमध्ये यातली फक्त "कुठून" ही एकच गोष्ट विचारात घेतली गेली.

आधीचे दोन सल्ले

पहिल्या ठिकाणी एसीच्या पाण्याची नळी तुंबली असावी असे ठरले. हा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. एसी चालू असताना कूलिंग कॉइलवर हवेतले पाणी जमते, ते एका नळीतून गाडीखाली पडते आणि नळी तुंबली तर ते आत साचून डुचमळते. नळी साफ केली, थोडा गाळ निघाला, पैसे दिले गेले आणि आवाज तसाच राहिला. पडताळणी एका पैशाची नव्हती: दोन दिवस एसी न लावता गाडी चालवायची आणि आवाज येतो का ते पाहायचे. फेब्रुवारीत, सकाळी एसीची गरज नसतानाही आवाज येत होता, हे बाईंना आठवत होते. फक्त तो प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. उलट, "गाडी थंड होताना आवाज येतोच, बाई," असे सांगून त्यांना परत पाठवले गेले. या वाक्याबद्दल पुढे लिहितो, कारण ते अर्धे खरे आहे आणि म्हणूनच जास्त घातक ठरते.

दुसऱ्या ठिकाणी बॉनेट उघडून बरोबर दिशेने विचार झाला, म्हणजे कूलिंग सिस्टीममध्ये हवा आहे हे ओळखले गेले; पण हवा आली म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांच्यामधला, पाणी आणि जळालेला वायू वेगळे ठेवणारा पातळ थर) गेले असणार, असा थेट निष्कर्ष काढला गेला. हेड उतरवणे, प्लेन करणे, नवे गॅस्केट, मजुरी मिळून १८ हजारांचा अंदाज दिला गेला. मे महिन्यात रत्नागिरीला घरचे लग्न होते आणि सगळे याच गाडीने जाणार होते, त्यामुळे पती खर्चाला तयार झाले होते. बाई तयार नव्हत्या. त्यांचा एकच प्रश्न होता, आणि तो योग्य होता: गॅस्केट गेले असेल तर इंजिन चालू असताना काहीच कसे जाणवत नाही?

बंद गाडीचे आवाज वेगळे करताना

मी पहिल्या दिवशी गाडीला पाना लावला नाही. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तेलाच्या टोपणाच्या आतली बाजू पाहिली, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का ते पाहिले. तेलात पाणी मिसळले की ते दुधाळ होते. इथे ते स्वच्छ होते. मग संध्याकाळी आम्ही तिघे पन्हाळ्याला गेलो. कोल्हापूरहून साधारण २० किलोमीटर, आणि वाघबिळापासून वर चढ. कूलिंग सिस्टीमची परीक्षा घ्यायला आपल्याकडे यापेक्षा सोयीचा रस्ता नाही.

वर पोहोचल्यावर गाडी सपाट जागी लावली, चावी बंद केली, काचा खाली घेतल्या आणि मोबाइलवर वेळ लावून कोणीही बोलायचे नाही असे ठरवले. पहिल्या सेकंदापासून पुढे रेडिएटरचा पंखा घुमत होता. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो पाणी निवेपर्यंत फिरत राहतो, काहींत चावीबरोबरच थांबतो, आणि या गाडीत तो फिरणे अपेक्षित होते. त्याच वेळी डॅशबोर्डातून बारीक 'सूं' असा आवाज आला आणि अर्ध्या मिनिटात विरला. एसीचा कॉम्प्रेसर थांबला की जास्त दाबाच्या बाजूचा गॅस बारीक वाटेने कमी दाबाच्या बाजूला जातो, त्याचा हा आवाज. तो निरोगी एसीतही येतो. साधारण चाळिसाव्या सेकंदाला गाडीखालून टिकटिक सुरू झाली. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा भाग), त्यावरचा उष्णतारोधक पत्रा आणि पुढची नळी कित्येकशे अंश तापलेली असते. अर्धा मीटर लांबीची पोलादी नळी ३०० अंशांनी निवली तर ती पावणेदोन ते अडीच मिलिमीटर आखडते, आणि बोल्टांनी जखडलेली असल्यामुळे सरळ न आखडता झटक्याझटक्याने आखडते. प्रत्येक झटक्याचा एक 'टिक'.

"गाडी थंड होताना आवाज येतोच" हे वाक्य या टिकटिकीला शंभर टक्के लागू आहे. ही टिकटिक आधी भराभर येते, मग अंतर वाढत जाते आणि थांबते. तिच्यासाठी कोणीही एक रुपयाही खर्च करू नये. पण त्याच वाक्याच्या पांघरुणाखाली बाकीचे आवाजही झाकले जातात, आणि या गाडीत तसेच झाले होते.

एक मिनिट दहा सेकंदांनी गुडगुड आली. आधी बॉनेटखाली एक दबका 'भुडुक', मग डॅशबोर्डाच्या मागे तीन-चार वेळा पाणी सरकल्याचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा. एकूण दोन मिनिटे हे चालले. पतींनी आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला आणि ते बॉनेट उघडून रेडिएटरचे टोपण फिरवायला निघाले. मी त्यांचा हात धरला. तापलेल्या, दाबाखालच्या पाण्याचे टोपण उघडले की आतले पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येते. इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप (रबरी नळी) हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत टोपणाला हात लावायचा नाही, आणि सकाळपर्यंत थांबणे त्याहून चांगले.

हा आवाज बंद केल्यावरच का येतो

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. इंजिन चालू असताना वॉटर पंप पाणी फिरवत असतो आणि हेडमधली उष्णता रेडिएटरकडे वाहून नेत असतो. इंजिन बंद झाले की पंप थांबतो, पण हेडचे धातू पाण्यापेक्षा बरेच जास्त तापलेले असते. उभे राहिलेले पाणी ती उष्णता पिते आणि पुढची काही मिनिटे इंजिनातले पाणी निवण्याऐवजी आणखी तापते. म्हणजे पाण्यासाठी सर्वांत कठीण वेळ चढावर नसते, चढ संपवून गाडी बंद केल्यानंतरची पहिली तीन-चार मिनिटे ही ती वेळ असते.

या वेळेसाठीच रेडिएटरचे टोपण दाब धरून ठेवते. या गाडीच्या टोपणावर ०.९ हा आकडा छापलेला होता, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब होईपर्यंत ते उघडू नये. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी साधारण ९८ अंशांना उकळते, पन्हाळ्यावर ९७ च्या आसपास. दाब पूर्ण ०.९ राहिला तर तेच पाणी पन्हाळ्यावरही ११७ अंशांपर्यंत उकळत नाही. दाब ०.४ वरच सुटू लागला तर ही मर्यादा १०७ वर येते. या दहा अंशांच्या फरकात हेडजवळचे पाणी जागोजागी उकळू लागते, वाफेचा बुडबुडा पाण्याला ढकलतो, आणि ढकललेले पाणी हीटरच्या कॉइलमध्ये साठलेल्या हवेतून सरकते. इंजिनाचे गरम पाणी फिरणारी ती कॉइल डॅशबोर्डाच्या मागे असते. आपल्याकडे हीटर कोणी वर्षानुवर्षे लावत नाही, त्यामुळे ती तिथे आहे हेच अनेकांच्या लक्षात नसते.

बाटलीवरची चिकटपट्टी

पतींचा आक्षेप सरळ होता. "मेस्त्री, बाटली तर भरलेलीच हाय की. पाणी कमी असतं तर तिथं दिसलं नसतं का?" रेडिएटरच्या टोपणाशी नळीने जोडलेली ही पाण्याची बाटली खरोखरच वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती. आधीच्या दोन्ही ठिकाणी बाटली पाहूनच पाणी पुरेसे असल्याचे धरले गेले होते, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली चूक हीच.

ही बाटली साधी साठवणीची आहे, तिच्यात दाब नसतो. पाणी तापून फुगले की जादा पाणी टोपणाच्या स्प्रिंगला ढकलून बाटलीत येते. इंजिन निवले की रेडिएटरमध्ये ओढ तयार होते, टोपणाच्या मध्यावरची छोटी झडप उघडते आणि तेच पाणी परत आत जाते. म्हणून निरोगी गाडीत बाटलीतली पातळी गरम असताना वर आणि थंड असताना खाली दिसलीच पाहिजे. मी बाटलीवर कागदी चिकटपट्टी उभी लावली आणि बाईंना तीन वेळा पेनाने रेघ मारायला सांगितली: पन्हाळ्याहून आल्या आल्या, रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी गाडी चालू करण्याआधी.

दुसऱ्या दिवशी बाई गाडी घेऊन आल्या तेव्हा तीनही रेघा एकमेकींवर होत्या, शाईची एकच जाड रेघ दिसावी इतक्या. पाणी आत-बाहेर होतच नव्हते. भरलेली दिसणारी बाटली सिस्टीमपासून तुटलेली होती. थंड गाडीचे टोपण काढले तर पाणी दिसलेच नाही. वरच्या नळ्या कोरड्या होत्या. तोंडापर्यंत भरायला सव्वा लिटर लागले, आणि अशा गाडीत एकूण मावतेच चार-पाच लिटर.

टोपण पालथे करून पाहिले. खालचे रबर कडक झाले होते आणि त्यावर गोल खाच पडली होती. मधली झडप पांढऱ्या क्षाराने बसून गेली होती, नखाने उचलली तरी उठेना. विचारल्यावर कळले की दोन वर्षांपूर्वी गावाकडे कोणीतरी बोअरच्या पाण्याने रेडिएटर भरला होता. टोपण चाचणीच्या पंपाला लावले तर ते ०.४ वरच फुसफुसू लागले.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी आमच्यासमोर तीन रस्ते होते. पहिला, ठरल्याप्रमाणे हेड उतरवणे. तो नाकारण्याआधी मी गॅस्केटची रासायनिक चाचणी केली: रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरतात आणि इंजिन चालवतात, सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा होतो. पाच मिनिटांनीही तो निळाच राहिला. थंड गाडी चालू केल्यावर होज पाइप मिनिटभरात दगडासारखा टणक होत नव्हता, पाण्यात सतत बुडबुडे नव्हते, तेल स्वच्छ होते. एवढ्या पुराव्यानंतर हेड खोलणे म्हणजे धडधाकट माणसाला टेबलावर घेण्यासारखे होते.

दुसरा रस्ता घरच्याच एका ज्येष्ठांनी सुचवला: रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायची. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर हा उपाय करत आले आहेत आणि आडरानात गाडी अडली तर तो घरापर्यंत पोहोचवतोही, हे मी नाकारत नाही. पण हळद असो की बाजारात मिळणारी गळती थांबवणारी पूड, ती जिथे गळते तिथेच जाऊन बसेल असा भरवसा नसतो. ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि लग्नाला जाणारी गाडी त्यासाठी योग्य नव्हती.

तिसरा रस्ता म्हणजे स्वस्त आणि सिद्ध झालेला दोष आधी काढायचा: नवे टोपण, जुने पाणी काढून योग्य प्रमाणात नवा कूलंट, आणि हवा नीट काढणे. आम्ही तो घेतला. टोपणाला अडीचशे रुपये लागले. हवा काढताना गाडीचे तोंड थोड्या चढावर ठेवले, हीटर पूर्ण गरमवर लावला आणि पाणी घोट घेत खाली उतरायचे थांबेपर्यंत भरत राहिलो. संध्याकाळी पुन्हा चढावर नेऊन आणली. गुडगुड नव्हती.

दुसरी फेरी

नवव्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज परत आला होता, पहिल्यापेक्षा बारीक, पण तोच. या वेळी मात्र त्यांनी न सांगता चिकटपट्टीवर रोज सकाळी रेघ मारली होती, आणि रेघा एकाखाली एक उतरत गेल्या होत्या. नऊ दिवसांत बोटभर.

या रेघा पाहिल्यावर माझे मलाच उमगले की पहिल्या दिवशी एक खूण समोर असूनही मी ती वाचली नव्हती. टोपणाची ओढ घेणारी झडप पूर्ण बसलेली असेल तर इंजिन निवताना आत निर्वात तयार होतो आणि वरचा होज पाइप सकाळी चेपलेला दिसायला हवा. या गाडीचा पाइप गुबगुबीत होता. म्हणजे हवा दुसरीकडून आत येत होती. मी ती टोपणाच्या कडक झालेल्या वरच्या रबरातून येत असावी असे धरून चाललो, आणि दुसरी शक्यता तपासली नाही. जिथून निवताना हवा आत येते तिथूनच तापल्यावर पाणी बाहेर जाते.

टोपणाच्या जागी दाबाचा पंप लावून थंड गाडीची चाचणी केली. गेजची सुई पंधरा मिनिटे ०.९ वर उभी राहिली. कोणीही इथे थांबून "लिकेज नाही" असे लिहून दिले असते. पण तक्रार थंड गाडीची नव्हती. म्हणून पंप तसाच लावून ठेवला, दाब सोडून दिला, आणि इंजिन जागेवर चालू केले. टोपण नसल्यामुळे जादा दाब सोडणारे काही उरत नाही, त्यामुळे या चाचणीत नजर गेजवरून हलवायची नसते आणि दाब टोपणाच्या आकड्याच्या पुढे जाऊ लागला तर लगेच थांबायचे असते. पंखा लागला, सुई ०.७ वर आली, आणि मी चावी बंद केली.

बंद केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे पाणी आणखी तापते, त्यामुळे सुई थोडी चढायला हवी. ती अर्धे मिनिट चढली, थबकली आणि उतरू लागली. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन रेडिएटरच्या कडेने पाहत गेलो. पंख्याच्या जाळीच्या मागे, प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे दुमडून जोडलेली असते त्या खालच्या कोपऱ्यात हिरवट पांढरी खपली होती, आणि तिच्या काठावर एक थेंब. तो खाली पडला नाही. तापलेल्या धातूवर पसरून वाळला. म्हणूनच बोळातल्या फरशीवर कधी डाग दिसला नव्हता. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत. मधले रबर जुने होऊन आखडले की थंड असताना बंद असलेली फट गरम झाल्यावर उघडते.

रेडिएटर बदलायचा की जोड पुन्हा दाबून घ्यायचा, यावर अर्धा दिवस बोलणे झाले. जोड दाबून घेण्याचा खर्च पाचशेच्या आत होता. लग्नाला बारा दिवस उरले होते आणि रत्नागिरीहून परतताना साखरप्यापासून आंबा घाट चढायचा होता, तोही भरल्या गाडीने आणि मे महिन्यात. नऊ वर्षांचे प्लास्टिक दाबताना तडकू शकते. मी नवा रेडिएटर सुचवला, आणि का सुचवतो आहे हे खपली दाखवून सांगितले. मजुरी आणि कूलंटसह साडेपाच हजार झाले.

निकाल

लग्नाहून परतताना त्यांनी आंबा घाट चढून वर चहाला गाडी थांबवली. बाई नेहमीप्रमाणे आत बसून राहिल्या. या वेळी पतीही बसले. पंखा, एसीची 'सूं', मग टिकटिक. चार मिनिटांनंतरही आणखी काही आले नाही, असे त्यांनी तिथूनच फोन करून सांगितले. दिवाळीनंतर गाडी तेल बदलायला आली तेव्हा बाटलीतली पातळी संध्याकाळी दोन बोटे वर आणि सकाळी आपल्या जागी असल्याचे मी स्वतः पाहिले. हेड अजून कोणी उघडलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या गॅरेजने एसी बंद ठेवून पडताळणी केली असती तर महिना वाचला असता. दुसऱ्या गॅरेजचे निदान मला चुकीचे वाटते, तरी हेड गॅस्केटचा संशय घेण्यात गैर काही नव्हते. गैर होते ते चाचणीशिवाय तारीख देणे. निळ्या द्रवाची चाचणी दहा मिनिटांत होते. अठरा हजारांच्या कामाआधी ती मागायचा हक्क गाडीमालकाला आहे आणि ती मागितल्याने कोणाही चांगल्या मेस्त्रीचा अपमान होत नाही.

माझ्याकडून झालेली चूक जास्त विचार करायला लावणारी आहे. सिद्ध झालेला एक दोष सापडला की शोध थांबतो. टोपण खराब होते यात शंका नव्हती, ते बदलल्यावर आवाज गेला हेही खरे. पण सव्वा लिटर पाणी गेले कुठे, या प्रश्नाचे उत्तर टोपणाने पूर्ण मिळत नव्हते. ०.४ वर सुटणाऱ्या टोपणातून ते बाटलीत जायला हवे होते, आणि बाटली तर हललीच नव्हती. गरम दाबाची चाचणी मी पहिल्याच दिवशी केली असती तर बाईंना नऊ दिवस अर्धवट दुरुस्त गाडी चालवावी लागली नसती, आणि त्या नऊ दिवसांत लाल दिवा लागला असता तर हेडचे दुखणे खरोखरच मागे लागले असते. पातळी फार खाली गेली की तापमानाचा सेन्सर पाण्याबाहेर पडतो, आणि मग तो दिवाही वेळेवर लागेल याची खात्री राहत नाही.

गाडीमालकाच्या बाजूने पाहिले तर पहिल्या आवाजापासूनच दोन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. महिन्यातून एकदा थंड गाडीचे टोपण उघडून रेडिएटरच्या तोंडाशी पाणी पाहणे, आणि आवाजाची वेळ मोजून मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित करून आणणे. गॅरेजमध्ये येईपर्यंत गाडी निवते किंवा आवाज नेमका त्या वेळी येत नाही, आणि मग तक्रार शब्दांवरच उभी राहते. बाईंचे शब्द नेमके होते म्हणून काम झाले.

एक निर्णय अजून बाकी आहे. रेडिएटर बदलताना वॉटर पंप आणि हीटरकडे जाणारे दोन होज पाइप मी बदलले नाहीत, कारण तिथे गळतीची खूण नव्हती आणि खर्च आधीच वाढला होता. दिवाळीच्या भेटीत हीटरचा एक पाइप क्लॅम्पजवळ किंचित फुगल्यासारखा लागला. मार्चमध्ये, ऊन वाढायच्या आधी, तो बदलायचा असे ठरले आहे. तोपर्यंत चिकटपट्टी बाटलीवरच ठेवली आहे आणि दर सोमवारी सकाळी तिच्यावर एक रेघ पडते.